फासा उलटा पडला तरी खेळ रंगला पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीतील बैठ्या खेळांवरच्या आपल्या पुरवणीत अ‍ॅनिमेवर आधारलेल्या रोल प्लेइंग खेळांचा उल्लेख आला, याचा आनंद झाला. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टूनपट; या खेळांत प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि सगळे मिळून गोष्ट रचतात. मात्र ‘हा सगळा फाशांचा, म्हणजे नशिबाचा खेळ’ एवढ्यावर लेखकाने विषय उरकला आहे. तेवढ्या भरवशावर एखाद्या गटाने विनोदी अ‍ॅनिमेचा डाव मांडला, तर तो दुसऱ्या बैठकीपर्यंत बारगळण्याचीच शक्यता जास्त. नशिबाला किती मोकळीक द्यायची आणि पात्रांची फजिती किती वेळा होऊ द्यायची, हे घरचे, म्हणजे गटाचे स्वतःचे, नियम करून आधी ठरवावे लागते.

‘बिग आइज, स्मॉल माउथ’ हा १९९७ साली कॅनडात निघालेला खेळ घेऊ. त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. बेरीज पात्राच्या गुणांकाइतकी (त्याची क्षमता दाखवणाऱ्या आकड्याइतकी) किंवा त्याहून कमी आली की काम फत्ते. सापशिडीच्या डब्यातले फासे त्याला पुरतात. गुणांक ७ असेल तर ३६ पैकी २१ वेळा, म्हणजे साधारण ५८ टक्के वेळा यश मिळते.

नवखा गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, उत्साहाच्या भरात प्रत्येक अपयशाची फजिती करतो. चार खेळाडू, तीन तास आणि साधारण ४० वेळा फासे, असा हिशेब धरला तर सतराएक फजित्या होतात. तासाभरात हसू आटते आणि आपले पात्र बावळट आहे असे खेळाडूलाच वाटू लागते. उलट, बारा पडले तरच फजिती म्हटले, तर ती ३६ मध्ये एकदा, म्हणजे अख्ख्या बैठकीत जेमतेम एक.

मधला मार्ग जोडीचा. दोन्ही फाशांवर सारखाच आकडा आला की फजिती. ३६ पैकी अशा जोड्या सहा, म्हणून ४० वेळांत सहा-सात फजित्या होतात आणि तेवढ्या पुरे. शिवाय गुणांक ७ असेल तर १-१, २-२, ३-३ यशात पडतात आणि ४-४, ५-५, ६-६ अपयशात. यशातल्या जोडीने काम होते, पण गोंधळ उडतो. अपयशातल्या जोडीने काम फसते, पण त्यातून भलताच फायदा होतो. समजा, नायिका रात्री शाळेत शिरून जप्त झालेली वही परत आणते आहे. ३-३ पडले: वही हाती लागते, पण कपाटावरची चेंडूंची जाळी सुटते आणि सगळे चेंडू जिन्यावरून टप टप करत पहारेकऱ्याच्या पायाशी जातात. ४-४ पडले: कपाट काही उघडत नाही, चिडून मारलेल्या लाथेने बूट उडतो, दिव्याच्या बटणावर आपटतो आणि त्या उजेडात वही घेऊन पळणारा खरा चोर दिसतो. दोन्हींत गोष्ट पुढे सरकते. फजितीने प्रसंग अडला, तर नियम चुकला असे समजावे. यशातूनही गडबड व्हावी ही कल्पना जुनीच आहे. १९८७ साली अमेरिकेत आलेल्या ‘टीनेजर्स फ्रॉम आउटर स्पेस’ या खेळात फासा गरजेपेक्षा फारच चांगला पडला, तर काम जरा जास्तच होऊन बसते.

फजिती काय झाली हे ज्याची झाली त्या खेळाडूनेच एका वाक्यात सांगावे. गेम मास्टरने फक्त पुढचा परिणाम सांगावा. गेम मास्टर स्वतःच सांगू लागला की खेळाडूला आपल्यावर हसल्यासारखे वाटते. वाक्यात काहीतरी पडावे, तुटावे, घरंगळावे किंवा चुकीचे ऐकू यावे. फजितीत दुखापत धरून पात्राचे गुण कधीही वजा करू नयेत.

जपानी मानझाईत, म्हणजे दोघांच्या विनोदी संवादात, एक जण वेंधळेपणा करतो, तो बोके. दुसरा त्याला ताडकन टोकतो, तो त्सुक्कोमी. आपल्या तमाशातल्या बतावणीसारखीच ही जुगलबंदी. टेबलावरही हे करावे: फजिती सांगून झाली की दुसऱ्या कोणीही आपल्या पात्राच्या तोंडून एका वाक्याचा टोला हाणावा आणि तिथे फजिती संपली. हा टोला नसला की एकच विनोद दहा मिनिटे चघळला जातो.

नशिबासाठी चिंचोके वापरावेत. सुरुवातीला प्रत्येकाला एक. गेम मास्टरने निकाल सांगण्याआधी एक चिंचोका टाकून फासे पुन्हा टाकता येतात, पण एकदाच, आणि दुसरा निकाल पक्का. एवढ्यानेही ५८ चे ८३ टक्के होतात. तिसऱ्यांदा टाकू दिले तर ९३. फजिती झाली की एक चिंचोका मिळतो, मात्र गेम मास्टरने सांगून टाकायला लावलेल्या फाशांवरच. नाहीतर चिंचोक्यांसाठी उगाच फासे टाकणे सुरू होते. बरेच गट तीन-तीन देऊन सुरुवात करतात. मग चौघांचे १२ आणि फजितीचे सहा-सात मिळून अठरा-एकोणीस होतात, आणि अपयशे सतराच! म्हणजे जवळपास प्रत्येक अपयशावर फासे पुन्हा टाकता येतात आणि अपयशाचा धाक उरत नाही. उरलेले चिंचोके शेवटी वाटीत परत टाकावेत. पुढच्या बैठकीला नेता आले तर लोक साठवतात आणि मधला सगळा खेळ कोरडा जातो.

कमनशिबी पात्राचा प्रश्न वेगळा. असा दोष घेतला की पात्र घडवताना जास्तीचे गुण मिळतात, पण पुढे दोष सगळेच विसरतात. मग कोणी सुचवते, तीन फासे टाकून मोठे दोन धरा. तसे केले की गुणांक ७ चे यश ५८ वरून थेट ३२ टक्क्यांवर येते. ते पात्र कमनशिबी राहत नाही, निकामी होते. त्यापेक्षा जास्तीचे गुण देऊच नयेत. जोडीबरोबर बेरीज सात आली तरी फजिती, एवढेच ठरवावे. फजिती सहात एकऐवजी तीनात एक होते, यशाला धक्का लागत नाही आणि भरपाई चिंचोक्यात मिळते.

पालकांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो. विनोदी अ‍ॅनिमेतल्या पुष्कळ फजित्या अंगावर पडण्याच्या, कपडे फाटण्याच्या, चोरून बघण्याच्या असतात. शाळकरी मुलांच्या खेळातून त्या सरसकट वगळाव्यात. मोठ्यांच्या गटातही आधी कोऱ्या चिठ्ठ्या फिरवून नको असलेल्या गोष्टी नाव न घालता लिहून घ्याव्यात. जे एकाने लिहिले, ते सगळ्यांसाठी बाद. कारण विचारू नये.

‘बिग आइज, स्मॉल माउथ’च्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून बेरीज जास्त येणे चांगले. तिथेही जोडीचा नियम तसाच चालतो, फक्त लहान जोड्या अपयशाकडे जातात. वीस बाजूंचा एकच फासा वापरणाऱ्यांनी ३, ९ आणि १५ हे आकडे फजितीचे धरावेत. प्रमाण १५ टक्के, म्हणजे जवळपास तेवढेच पडते.

आपला,
एक वाचक, डोंबिवली