शंभर टक्के निकालाच्या याद्या आणि शाळांचा आकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत शंभर टक्के निकाल लागलेल्या शाळांच्या याद्या आणि तालुकावार क्रमवारी झळकते. कोणत्या शाळेत चांगले शिकवले जाते आणि कोठे आबाळ होते, याचे निष्कर्षही त्याच बातमीत काढलेले असतात. संख्याशास्त्र शिकवणारा आणि शाळांच्या गुणांचे विश्लेषण जवळून पाहणारा वाचक म्हणून या पद्धतीतील एका मूलभूत दोषाकडे लक्ष वेधावेसे वाटते.

समजा, राज्यातील प्रत्येक विद्यार्थ्याची उत्तीर्ण होण्याची शक्यता अगदी सारखी, म्हणजे 95 टक्के आहे आणि कोणतीही शाळा दुसरीपेक्षा तसूभरही सरस किंवा कमी नाही. तरीही दहा विद्यार्थी परीक्षेस बसवणाऱ्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागण्याची शक्यता सुमारे 60 टक्के असते. वीस विद्यार्थ्यांच्या शाळेसाठी ती 36 टक्क्यांवर येते आणि शंभर विद्यार्थ्यांच्या शाळेसाठी 0.6 टक्के उरते. म्हणजे शंभर टक्क्यांच्या यादीत लहान शाळांची गर्दी होण्यासाठी त्यांचे अध्यापन वेगळे असण्याची गरजच नाही. उलट त्याच दहा जणांच्या शाळेत दोन मुले नापास झाली की निकाल 80 टक्क्यांवर घसरतो आणि शाळा यादीच्या तळाशी जाते. लहान शाळा वरही दिसतात आणि खालीही, आणि पुढच्या वर्षी त्यांची अदलाबदल झाली की आपण ‘घसरण’ आणि ‘झेप’ असे मथळे देतो.

हाच आक्षेप विभागवार क्रमवारीला मात्र सरसकट लावता येणार नाही. 2025 मध्ये राज्याचा निकाल 94.10 टक्के आणि कोकण विभागाचा 98.82 टक्के होता. नऊ विभागांत कोकण लहान असला तरी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून परीक्षेस बसणारे विद्यार्थी पंचवीस हजारांहून अधिक असतात, त्यामुळे हा फरक निव्वळ योगायोगाचा नव्हे. तो शाळांमुळे आहे, कुटुंबांमुळे आहे की विद्यार्थ्यांच्या आधीच्या तयारीमुळे, हा वेगळा प्रश्न आहे आणि एका टक्केवारीतून त्याचे उत्तर मिळत नाही.

विद्यार्थी शाळेत, शाळा तालुक्यात आणि तालुका जिल्ह्यात अशी रचना असलेल्या माहितीसाठी बहुस्तरीय मॉडेल, म्हणजे या प्रत्येक पातळीवरची तफावत वेगळी मोजणारे गणित, वापरले जाते. एकाच वर्गातील मुले एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, ही साधी गोष्ट विसरल्यास काय होते याचे इंग्लंडमधील उदाहरण प्रसिद्ध आहे. शिक्षणसंशोधक नेव्हिल बेनेट यांनी 1976 मध्ये पारंपरिक शिस्तीची अध्यापनपद्धती अधिक फलदायी असल्याचा निष्कर्ष मांडला आणि त्यावर तेथे मोठा गदारोळ झाला. 1981 मध्ये एटकिन, अँडरसन आणि हाइंड यांनी मुलांचे शिक्षकांनुसार झालेले गट लक्षात घेऊन तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा पद्धतींमधील फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. संख्याशास्त्रज्ञ हार्वे गोल्डस्टीन यांनी 1986 मध्ये अशी मॉडेल्स बसवण्याची एक गणिती रीत दिली आणि त्यांच्या गटाने त्यासाठी संगणकप्रणाली घडवल्या; त्यांतूनच पुढे ‘एमएलविन’ आली, जी आता ब्रिस्टल विद्यापीठातून चालवली जाते. आज तीच कामे ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतील ‘एलएमई4’ या विनामूल्य साधनानेही होतात, त्यामुळे खर्चाची सबब उरलेली नाही.

हे मॉडेल शाळेच्या सरासरीवर ती किती विद्यार्थ्यांवरून काढली आहे त्या प्रमाणातच विश्वास ठेवते. गुणांमधील एकूण तफावतीपैकी दहा टक्के शाळाशाळांमधील आहे असे धरले, तर राज्याच्या सरासरीपेक्षा आठ गुणांनी वर असलेल्या दहा विद्यार्थ्यांच्या शाळेला सुमारे 4.2 गुणांचे श्रेय मिळते. तेवढीच वर असलेल्या शंभर विद्यार्थ्यांच्या शाळेला 7.3. यात लहान शाळेवर थोडा अन्याय होतो हे मला मान्य आहे. दुर्गम भागातील एखादी खरोखर उत्तम लहान शाळा एका वर्षाच्या आकड्यांत झाकली जाईल. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे सलग काही वर्षांची माहिती एकत्र घेणे.

परंतु प्रणालीत आकडे भरून कळ दाबली की विश्लेषण झाले, हा समज त्या याद्यांइतकाच घातक आहे, आणि शैक्षणिक अहवालांत तो वारंवार दिसतो. उत्तीर्ण–अनुत्तीर्ण अशा दोनच उत्तरांच्या माहितीसाठी एमएलविनची मूळ निवड असलेली अंदाजपद्धत, विशेषतः गट लहान असताना, शाळांमधील तफावत प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते; पद्धत बदलून पाहिल्याशिवाय ‘शाळांमध्ये फारसा फरक नाही’ असे लिहिणे बेजबाबदारपणाचे ठरेल. एलएमई4 कधी शाळांमधील तफावत शून्य आल्याचा इशारा देते. त्याचा अर्थ सर्व शाळा सारख्या आहेत असा नसून, हाती असलेल्या माहितीतून फरक वेगळा काढता आला नाही, एवढाच बहुतेकदा असतो. नऊ विभागांना यादृच्छिक पातळी, म्हणजे अनेक संभाव्य विभागांतून आलेला नमुना, मानून त्यांच्यातील तफावत मोजायचा हट्टही धरू नये, कारण नऊ आकड्यांवरून काढलेली तफावत फारच डळमळीत असते. विभाग सरळ स्थिर घटक म्हणून घ्यावेत, म्हणजे प्रत्येकाचा फरक स्वतंत्रपणे मोजावा.

शाळांचे अंदाज चढत्या क्रमाने मांडून प्रत्येकाभोवती अनिश्चिततेची पट्टी काढलेला आलेख अशा अहवालांत हमखास असतो. त्या पट्ट्या 95 टक्के खात्रीच्या, म्हणजे अंदाजाच्या दोन्ही बाजूंना प्रमाण त्रुटीच्या (अंदाज साधारण किती चुकू शकतो त्या मापाच्या) 1.96 पट पसरलेल्या असल्या, तर त्या प्रत्येक शाळेची तुलना सरासरीशी करण्यासाठी असतात, दोन शाळांची आपसांत तुलना करण्यासाठी नाही. त्या कामासाठी पट्टी दोन्ही बाजूंना प्रमाण त्रुटीच्या साधारण 1.4 पटच घ्यावी, असे गोल्डस्टीन आणि हीली यांनी 1995 मध्ये दाखवून दिले. अशा आलेखात यादीच्या मधल्या भागातील शाळांच्या पट्ट्या मोठ्या प्रमाणात एकमेकींवर चढतात, तेव्हा 40 वा आणि 60 वा क्रमांक वेगळे मानायला आधार उरत नाही. गोल्डस्टीन आणि संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगलहाल्टर यांनी 1996 मध्ये शाळांच्या आणि रुग्णालयांच्या क्रमवाऱ्यांवर घेतलेला आक्षेप नेमका हाच होता.

इंग्लंडचा पुढचा अनुभवही जमेस धरावा लागेल. तेथे 2006 पासून विद्यार्थ्याचे आधीचे गुण आणि सामाजिक पार्श्वभूमी लक्षात घेणारी, बहुस्तरीय मॉडेलवर आधारलेली मोजणी सरकारी तक्त्यांत आली. 2010 मध्ये सरकारने ती सोडून देण्याचे ठरवले. ती पालकांना समजत नाही आणि काही गटांतील मुलांकडून कमी अपेक्षा ठेवायला वाव देते, ही त्यामागची टीका होती. पहिला मुद्दा मला लंगडा वाटतो, दुसरा नाही. दुसरीकडे, वेल्सने 2001 मध्ये क्रमवारी प्रसिद्ध करणे थांबवले आणि त्यानंतर तेथील शाळांची परिणामकारकता घटल्याचे एका अभ्यासात आढळले. त्यामुळे निकाल छापूच नका, अशी माझी मागणी नाही.

आपल्याकडे मात्र ही मोजणी सुरू करण्यातच अडचण आहे. दहावीला बसलेल्या विद्यार्थ्याचे आधीच्या इयत्तेतील तुलनायोग्य गुण अभ्यासकांच्या हाती नाहीत, त्यामुळे शाळेने त्याला किती पुढे नेले हे कोणतेही मॉडेल सांगू शकणार नाही. तोवर राज्य मंडळाने विद्यार्थ्यांची ओळख काढून टाकलेले विषयवार गुण शाळेच्या सांकेतिक क्रमांकासह अभ्यासकांना उपलब्ध करून द्यावेत. आपल्या दैनिकाने शाळेच्या टक्केवारीशेजारी परीक्षेस बसलेल्यांची संख्या आणि मागील तीन वर्षांचा एकत्रित निकाल असे दोन रकाने वाढवावेत, आणि तीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या शाळांना एका वर्षाच्या निकालावरून क्रमांक देऊ नये. तीस ही मर्यादा माझी व्यवहाराची आहे. ती कोणत्या आकड्यावर ठेवावी यावर दुमत होऊ शकते आणि त्यावर चर्चा झाल्यास मला आनंदच होईल.

आपला,
संख्याशास्त्राचा एक अध्यापक, सातारा