वसंतापूर्वीच्या पाणपक्षी गणनेसाठी स्वयंसेवक व साहित्य हवे आहे

सर्व पक्षीप्रेमींना पक्षीगणना समितीचा सप्रेम नमस्कार.

राखीव पाणथळींवरील पक्ष्यांची मुख्य गणना जानेवारीत होते. आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणनाही १९६७ पासून त्याच महिन्यात होत आल्यामुळे त्या दिवसांत स्वयंसेवकांची वानवा नसते. आमची अडचण त्यानंतर सुरू होते. थंडी ओसरू लागते, पक्षी परतीच्या तयारीला लागतात आणि नेमक्या त्याच आठवड्यांत काठावर मोजायला माणूस उरत नाही.

वास्तविक या दिवसांतल्या नोंदी जानेवारीच्या आकड्यांतून कधीच मिळत नाहीत. उत्तरेकडे निघण्यापूर्वी चिखलात चरणारे पक्षी अंगावर चरबी साठवतात. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचे वजन तर या तयारीत जवळपास दुप्पट होते. याच जातीच्या अवघ्या पाच महिन्यांच्या एका पक्ष्याने २०२२ मध्ये अलास्कापासून टास्मानियापर्यंतचे सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर वाटेत कुठेही न उतरता अकरा दिवसांत कापले. अशा प्रवासाआधीचे शेवटचे काही आठवडे पक्षी कोणत्या चिखलावर काढतात, हे ठाऊक नसेल, तर पाण्याची पातळी केव्हा वाढवू नये किंवा कोणती पायवाट काही दिवस बंद ठेवावी, हे कशाच्या आधारावर सांगायचे?

एखाद्या पाणथळीवर नियमितपणे वीस हजार पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या ठरावीक समुदायाचा एक टक्का तिथे आढळत असेल, तर १९७१ च्या रामसर करारानुसार ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. हे आकडे शेवटी कोणीतरी पहाटे उभे राहून मोजलेले असतात. बारीक चोचीचा कोरल, म्हणजे कर्ल्यू, मोरोक्कोत फेब्रुवारी १९९५ मध्ये शेवटचा निर्विवादपणे दिसला आणि २०२५ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. १९९५ नंतर तो पुन्हा कुठे दिसतो का, याचा शोध अनेक वर्षे सुरू होता. म्हणूनच आम्ही प्रत्येक गणकाला आग्रहाने सांगतो की, पक्षी दिसला नाही तर रकान्यात शून्य लिहावे. रिकामा रकाना म्हणजे तिथे कोणी गेलेच नाही, आणि अशा रकान्यावरून पक्षी घटले की वाढले, हे कोणालाही ठरवता येत नाही. गेल्या वसंतातील आमच्या तक्त्यात असे रिकामे रकाने फार आहेत, याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

गणनेसाठी सर्व पक्षी ओळखता येण्याची अट नाही. प्रत्येक जोडीत एक जण मोजतो आणि दुसरा लिहितो. मोठ्या थव्यात आधी पन्नास पक्षी एकेक करून मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरायची आणि तेवढे तुकडे उरलेल्या थव्यावर पाडत जायचे, ही रीत दोन सकाळींत अंगवळणी पडते. मध्येच एखादा शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की सगळा थवा उठतो आणि मोजणी पहिल्यापासून करावी लागते. त्या वेळी लिहिणाऱ्याचा धीर फार उपयोगी पडतो. वही दवाने ओली होऊन शाई पसरते, म्हणून पेन्सिल मात्र न विसरता आणावी. थवे एका पाणथळीवरून दुसरीवर जात असल्यामुळे सर्व ठिकाणी एकाच वेळी मोजणे आवश्यक असते, आणि मनुष्यबळ कमी पडते ते इथेच.

साहित्याचीही निकड आहे. आमच्या एका दुर्बिणीच्या भिंगात बुरशी धरली असून दूरची बदके तिच्यातून नुसती करड्या ठिपक्यांसारखी दिसतात. वापरात नसलेली दुर्बीण, टेलिस्कोप किंवा भक्कम तिपाई आपल्याकडे असल्यास ती द्यावी, अथवा गणनेपुरती उसनी द्यावी. आर्थिक साहाय्य कितीही लहान असले तरी ते केवळ उपकरणांची दुरुस्ती आणि गणकांचा प्रवास यांवरच खर्च होईल व त्याचा हिशेब प्रत्येक देणगीदाराला लेखी दिला जाईल.

नाव नोंदवताना आपल्याला कोणत्या सकाळी येता येईल आणि आपल्याकडे दुर्बीण आहे का, हे समितीच्या सदस्यांना कृपया कळवावे, म्हणजे जोड्या वेळेत लावता येतील.