गाणं सुमनताईंचं, नाव लताबाईंचं

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात शहरात झालेल्या जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमाचा वृत्तांत आपल्या अंकात वाचला. फोटो झकास आलाय, गर्दीचं वर्णनही खरं आहे. मी स्वतः तिथे होतो. पण लतादीदींची अजरामर गाणी म्हणून जी यादी छापलीय, तिच्यातली दोन गाणी लताबाईंची नाहीतच. ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ आणि ‘ना ना करते प्यार’ ही सुमन कल्याणपूर यांनी महंमद रफींबरोबर गायलेली. पहिलं १९६८च्या ‘ब्रह्मचारी’तलं, शंकर-जयकिशन यांचं, दुसरं १९६५च्या ‘जब जब फूल खिले’मधलं, कल्याणजी-आनंदजींचं. आपल्या वार्ताहराला बोल लावत नाही. निवेदकानं माईकवरून जे सांगितलं, तेच बिचाऱ्यानं उतरवून घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर ती गाणी म्हणणारी मुलगी भेटली. गायली छान होती, ते आधी सांगितलं आणि मग हळूच विषय काढला. म्हणाली, “काका, मला माहितीये, पण स्क्रिप्टमध्ये तसंच लिहून आलं होतं.” आयोजकांपैकी एकाला गाठलं, तर तो हसून म्हणाला, “लोकांना कुठं कळतंय की वो? लता म्हटलं की टाळी येते.” हे पत्र त्या उत्तरामुळेच लिहितोय.

सोलापूरच्या नव्या पेठेत माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. (कायद्याचा प्रश्न कृपया आता काढू नये, तेव्हा गल्लोगल्ली हेच चालायचं.) गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन यायचं, साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला सात-आठ गाणी बसायची, आणि डबीतल्या कागदावर मी बॉलपेननं गाणं, पिक्चर आणि गायक अशी तिन्ही नावं लिहायचो. पूर्व भागातल्या कारखान्यांतून, दिवसभर यंत्रमागांच्या खडखडाटात गाणी ऐकणारी मंडळी यायची. “सगळी लताचीच भरा,” असं बजावून जायची, आणि यादीत हमखास ‘मेरे महबूब न जा’ असायचं. मी कागदावर ‘सुमन कल्याणपूर’ लिहिलं की दुसऱ्या दिवशी तक्रार हजर: “शेठ, ही कोण? आम्ही लता सांगितली होती.” मग गाणं लावून समोर बसवायचं. दोन-तीनदा ऐकलं की पटायचं. एक विणकर तर पुढे खास सुमनताईंचीच कॅसेट मागायला लागला. तेव्हा लोकांना कळत नाही हे मला कुणी सांगू नये. ऐकवलं आणि नाव सांगितलं की बरोबर कळतं.

गोंधळ व्हायला कारण होतंच, नाही असं नाही. दोघींच्या आवाजाची जात जवळची, पातळ, वर सहज जाणारी. त्यात साठच्या दशकात रॉयल्टीच्या प्रश्नावरून लताबाई आणि रफी यांचं बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफींबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं त्या काळात सुमनताईंकडे आली. पडद्यावर नायिका त्याच, संगीतकार तेच, रफीही तेच. ऐकणाऱ्यानं दुसरा आवाज लताचाच धरला, त्याला कोण काय करणार? पण म्हणून सुमनताईंना कुणाची तरी ‘बदली’ ठरवणं हा अन्याय आहे. १९६६च्या ‘ममता’त रोशन यांची ‘रहें ना रहें हम’ ही एकच चाल दोनदा आहे: एकदा लताबाईंची एकटीची, एकदा रफी आणि सुमनताईंची. दोन्ही पाठोपाठ लावून बघा. लताबाईंचा सूर थेट, धारदार लागतो. सुमनताई शब्द जरा सैल, घरगुती ठेवतात, ओळ संपताना आवाज मागे घेतात. माझ्या मते द्वंद्वगीताला तेच शोभतं. समोरच्याला जागा मिळते.

सुमनताईंची ओळख लोकांना फार कमी आहे, कारण त्यांनी स्वतःचा गाजावाजा कधी केला नाही. जन्म १९३७चा, ढाक्यातला. माहेरचं आडनाव हेमाडी, घराणं कर्नाटक किनाऱ्याकडचं. १९४३ साली कुटुंब मुंबईला आलं. जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकल्या, गाण्याचे धडे केशवराव भोळ्यांकडे घेतले आणि १९५४च्या ‘मंगू’पासून हिंदीत आल्या. १९५८ साली लग्न होऊन कल्याणपूर झाल्या. कर्नाटकी मुळाची, बंगालात जन्मलेली बाई हिंदी आणि मराठी गाते, याचं सोलापूरकराला तरी नवल वाटू नये. आपल्याकडे एकाच वाड्यात कन्नड, तेलुगू आणि मराठी नांदतात. राज्य शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना २००९चा मिळाला आणि पद्मभूषण थेट २०२३ साली, वयाची पंच्याऐंशी गाठल्यावर.

गंमत अशी, की मराठीत हा घोळ होत नाही. ‘केतकीच्या बनी’ किंवा ‘निंबोणीच्या झाडामागे’ लागलं की घराघरात सुमनताईंचंच नाव निघतं. आकाशवाणीची शिस्त हे त्याचं कारण. भावगीत लावण्याआधी कवी, संगीतकार आणि गायिका, तिघांची नावं सांगितली जायची. ऐकून ऐकून ती पाठ झाली.

लताबाईंच्या चाहत्यांना हे पत्र झोंबेल, म्हणून सांगतो: मीही त्यांच्यातलाच. १९३८ साली मास्टर दीनानाथांबरोबर छोटी लता सोलापुरातच रंगमंचावरून गायली, याचा अभिमान मलाही आहे. पण गायकाच्या नावासाठी भांडल्या कोण? लताबाईच! १९४९च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ रेकॉर्डवर ‘कामिनी’ या पात्राच्या नावानं निघालं होतं. रेडिओवर लोकांनी विचारणा केली, तेव्हा कुठे खरी गायिका कोण ते जाहीर झालं. पुढे फिल्मफेअरच्या सोहळ्यात गायकांसाठी पुरस्कारच नाही, म्हणून त्यांनी तिथे गायला नकार दिला, आणि १९५९पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला. त्या बाईंच्या नावाखाली दुसऱ्या गायिकेचं नाव गडप करायचं, आणि वर त्याला आदरांजली म्हणायचं?

पानिपतची स्वस्त चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली की आपण किती चिडतो! भौगोलिक मानांकनाचा दाखला काढून दाखवतो. इथे माल अस्सल आहे, फक्त शिक्का दुसऱ्याचा मारलाय, आणि तो मारणारे आपणच आहोत.

तेव्हा विनंती एवढीच, की कार्यक्रमाची बातमी घेताना वार्ताहरांनी आयोजकांकडून गाणं, चित्रपट, साल, गायक आणि संगीतकार अशी लेखी यादी मागून घ्यावी. छापताना जागा कमी पडली तर विशेषणं गाळा, नावं गाळू नका. आयोजकांनीही निवेदकाच्या हातात तीच यादी द्यावी, आणि व्यासपीठामागच्या पडद्यावर नायिकेच्या फोटोखाली गायिकेचं नाव टाकावं. तेवढ्यानं टाळी कमी होईल असं मला वाटत नाही. दिवाळीच्या सुमारास असले बरेच कार्यक्रम होतील. कुणाला यादी तपासून हवी असेल, तर आपल्या कार्यालयात ठेवावी. मी रोज सकाळी त्याच बाजूला फिरायला येतो, दुसऱ्या दिवशी तपासून परत देईन. पैसे घेणार नाही.

आपला,
एक जुना कॅसेटवाला
नवी पेठ, सोलापूर