कातडी रंगवणारं भूत

संपादक महोदय,
चिनी भुतं म्हटलं की लोकांना सिनेमातली उड्या मारणारी प्रेतं तेवढी आठवतात, पण खरा खजिना वेगळाच आहे. चीनच्या शानडोंग प्रांतातले लेखक पू सोंगलिंग (१६४० ते १७१५), सरकारी परीक्षेत सारखे नापास, पोटासाठी शिकवण्या, आणि आयुष्यभर भुतांच्या, बाईचं रूप घेणाऱ्या कोल्हिणींच्या जवळपास ५०० गोष्टी जमवून लिहीत बसले, लोक हाताने नकला करून वाचायचे, पुस्तक छापलं गेलं १७६६ला, म्हणजे ते गेल्यावर ५१ वर्षांनी!

एका गोष्टीत एक माणूस खिडकीतून डोकावतो तर हिरव्या तोंडाचं, करवतीसारख्या दातांचं भूत पलंगावर माणसाची कातडी पसरून ब्रशने रंगवतंय, मग ती झटकून अंगावर चढवतं आणि झाली सुंदर पोरगी. रात्री वाचलं, लाईट बंद करवेना.

तुमच्या रविवार पुरवणीत अशी एकेक गोष्ट छापा की, पण थेट चिनीवरून मराठीत करून घ्या, इंग्रजीवरून नको. जाइल्स नावाच्या साहेबाने १८८०च्या भाषांतरात चावट भाग गाळून टाकलेत, आणि कोल्हिणींची खरी मजा तर तिथेच आहे राव.

– एक वाचक, सातारा