काक्षीतून सोने निघेल काय?

हायडेलबर्ग, जर्मनी

तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत गच्चीवरून मृगातला तांबूस काक्षी पाहून तुम्ही विचारलेत, की हा तारा फुटला तर त्यातून सोने बाहेर पडेल काय. आयुष्य सराफी पेढीवर गेलेल्या माणसालाच असा प्रश्न सुचावा. माझे उत्तर असे, की प्राणवायू विपुल मिळेल. सोन्याची आशा फारशी धरू नये.

ताऱ्यात कोणती मूलद्रव्ये घडणार, हे मुख्यतः त्याच्या जन्मवेळच्या वस्तुमानावर ठरते. सूर्याच्या सुमारे आठपटींहून जड ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचा हेलियम, हेलियमचे कार्बन व ऑक्सिजन, आणि पुढे निऑन, मॅग्नेशियम, सिलिकॉन असे करीत लोहापर्यंत मजल जाते. पहिल्या टप्प्याला लक्षावधी वर्षे लागतात, तर सिलिकॉनचा शेवटचा टप्पा काही दिवसांतच आटोपतो. लोहाच्या पुढे संमीलनातून, म्हणजे अणुकेंद्रे एकमेकांत जुळून, ऊर्जा मिळत नसल्याने गाभा कोसळतो, आणि स्फोटात बाहेरचे थर उधळले जातात. आपल्या श्वासातला प्राणवायू बहुतांशी अशाच ताऱ्यांत घडलेला आहे. पेढीतल्या तिजोरीचे लोखंड मात्र बरेचसे वेगळ्या स्फोटांतून, म्हणजे जोडीदार ताऱ्याच्या संगतीत फुटलेल्या श्वेतबटूंतून (सूर्यासारख्या ताऱ्यांच्या मागे उरलेल्या घट्ट गाभ्यांतून), आले आहे.

स्फोटांचे कौतुक सर्वांनाच असते. मला स्वतःला मध्यम वजनाच्या ताऱ्यांविषयी अधिक आदर वाटतो. सूर्याच्या निम्म्याहूनही हलके तारे हेलियमपाशीच थांबतात, त्यांचे सोडा. पण सूर्यासारखे किंवा त्याहून काहीसे जड तारे उतारवयात फुगतात, तेव्हा गाभ्याभोवतीच्या थरांत एकेक न्यूट्रॉन सावकाश अणुकेंद्रांत शिरत जातो आणि त्यातून स्ट्रॉन्शियम, बेरियम, शिसे अशी जड मूलद्रव्ये तयार होतात. याचा पुरावा खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांनी १९५२ साली दिला. अशा ताऱ्यांच्या वर्णपटात त्यांना टेक्निशियम आढळले. हे मूलद्रव्य किरणोत्सारी असून त्याचा सर्वांत टिकाऊ प्रकारही सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मा होतो. म्हणजे अब्जावधी वर्षे जगलेल्या ताऱ्यात ते जन्मापासूनचे असणे शक्यच नाही, तिथेच नव्याने घडलेले असले पाहिजे. पाच वर्षांनी बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल यांनी या सर्व प्रक्रियांची एकत्रित मांडणी केली. हे तारे न फुटता आपले बाह्य थर हळूहळू अवकाशात सोडून देतात, आणि आपल्या शरीरातल्या कार्बन व नायट्रोजनचा मोठा वाटा त्यातूनच आला आहे.

सोन्याला संथ मार्ग पुरत नाही. तिथे न्यूट्रॉनांचा क्षणार्धात वर्षाव व्हावा लागतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे जड तारे फुटल्यावर मागे उरलेले अतिघन गाभे, एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी (अवकाशात पसरणारी सूक्ष्म कंपने) नोंदल्या गेल्या आणि त्या टकरीच्या प्रकाशात जड मूलद्रव्यांच्या खुणा दिसल्या. काही दुर्मीळ ताऱ्यांच्या स्फोटांतूनही सोने घडते काय, यावर अद्याप वाद आहे. काक्षी फुटून मागे न्यूट्रॉन तारा उरलाच, तरी आदळायला तसाच दुसरा लागेल, आणि त्याच्याजवळ असा जोडीदार असल्याचे दिसत नाही.

आईस नमस्कार. पुढचा प्रश्न अवश्य लिहून पाठवावा.

तुमचा,
धाकटा