पाणी कुठलं ते विचार

पिल्लू,

फोनवर नीट बोलणं झालंच नाही, तुझी मीटिंग आणि इकडे कुकरच्या शिट्ट्या, म्हणून टाईप करतेय, चुका झाल्या तर समजून घे. ऐरोलीला डेटा सेंटरमधल्या एआयच्या मशीन थंड ठेवायचं काम आलंय तुझ्याकडे, आणि कूलिंग टॉवरमधलं पाणी वाफ होऊन उडून जातं, रोज नवीन घालावं लागतं, हे तू असं सहज बोलून गेलीस. मला मात्र रात्री झोपच लागेना, डोक्यात 2016 सुरू.

आठवीत होतीस तू. मांजरा धरण आटलेलं, पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून लातुरात 144 कलम लावलेलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत 10 डबे, 5 लाख लिटर. तू तांदळाचं धुवण कढीपत्त्याला घालायचीस, आणि निळ्या बॅरलवर आतून खिळ्याने रेघ मारली होतीस, पाणी रेघेखाली गेलं की आंघोळ बंद. ती रेघ अजून आहे. बॅरलमध्ये आता ज्वारी असते.

मी एआयच्या विरोधात नाही हं. 2025 च्या खरिपात सरकारने 13 राज्यांतल्या 3.8 कोटी शेतकऱ्यांना एआयने काढलेला पावसाचा अंदाज मेसेजवर पाठवला, पाऊस लवकर येऊन मध्येच थांबला तेही त्यात आधीच कळवलेलं. दुबार पेरणी म्हणजे काय हे आपल्या घरात कुणाला सांगायला नको, बाबांनी त्यापायी दोनदा उधारी केलीय. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात सोयाबीन पाण्याखाली. आता असं वाऱ्यावर गेलेलं हवामान ओळखायला हेच मशीन, आणि ते चालवायला वीज जाळून हवामान अजून बिघडवणारं पण हेच, काय म्हणावं याला. बाबांनी वाचून दाखवलं, जगातल्या डेटा सेंटरांनी 2024 ला 415 टेरावॅट तास वीज वापरली आणि 2030 ला 945 होईल असा अंदाज आहे. टेरा म्हणजे किती ते दोघांनाही माहीत नाही पण दुपटीच्या वर एवढं कळलं.

तू म्हणालीस पाणी वाचवायचं तर हवेवर थंड करतात, वीज थोडी जास्त जाते. अगं पण ती वीज कोळशाची असेल तर तिलाही पाणीच लागतं ना? परळीचं थर्मल 2015 ला पाणी नाही म्हणूनच बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे ऐरोलीत पाणी वाचलं असं कागदावर दिसणार आणि जाणार ते परळी नाहीतर चंद्रपूरकडनं. म्हणून साहेबांना विचार, सोलर सोलर म्हणता तर रात्री दोनला कुठली वीज असते? आणि टॉवरला धरणाचं पाणी कशाला, नवी मुंबईत महापालिका सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना देते, ते का नाही घेत?

अजून एक. सोयाबीनची पानं पिवळी पडली तेव्हा एका अ‍ॅपवर मी मराठीत विचारलं, उत्तर आलं निम्मं हिंदीत आणि औषध भलत्याच रोगाचं. पिवळा मोझॅक होता तो, पांढऱ्या माशीमुळे येतो, शेजारच्या काकूंनी बांधावरून बघून सांगितलं. तूच मागे म्हणाली होतीस की एआय मजकुराचे बारीक तुकडे करून वाचतं, खर्चही तुकड्यांवर, आणि देवनागरीचे ते तुकडे जास्त पडतात म्हणून इंग्रजीपेक्षा मराठीला खर्च जास्त. 2011 च्या जनगणनेत आपण मराठी बोलणारे 8 कोटी 30 लाख, आणि आपल्यालाच महाग वर चुकीचं? पाणी आमचं, वीज आमची, मग उत्तर तरी आमच्या भाषेत नीट द्या की. तुझ्यावर रागवत नाहीये बाळा, पण त्या मीटिंगच्या खोलीत तूच बसतेस, आम्ही नाही.

पापड आणि शेंगदाण्याची चटणी पार्सल केलीय, मंगळवारपर्यंत पोचेल. बाबा विचारतायत तुमचा टॉवर दिवसाला किती लिटर पितो, आकडा मेसेज कर, टँकरमध्ये हिशोब करून बघतो म्हणतायत.

आई