मॅडम, तो लूप आता थांबतो

आदरणीय मॅडम,

त्या दिवशी तुम्ही स्वतःचं काम बाजूला ठेवून दीड तास माझ्याशेजारी बसलात. तेव्हा घाईत नुसतं ‘थँक यू’ म्हणालो, पण तेवढ्यानं माझं समाधान होत नाही.

काम साधंच होतं: सी प्रोग्रॅममध्ये रेग्युलर एक्स्प्रेशननं, म्हणजे काय शोधायचं ते सांगणाऱ्या पॅटर्ननं, मजकुरातले आकडे शोधून बदलायचे. पण पॉझिक्सनं (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकानं) त्यासाठी दिलेली फंक्शन्स चारच: रेगकॉम्प (पॅटर्न तयार करणारं), रेगएक्झेक (शोधणारं), रेगएरर (चूक सांगणारं) आणि रेगफ्री (मेमरी मोकळी करणारं). शोधून मिळतं, बदलून मिळत नाही. शोधत-बदलत पुढे जाणारा लूप आपला आपण लिहायचा. माझा लूप पहिला आकडा नीट बदलायचा आणि दुसऱ्यापासून पुढच्या मजकुराची पार वाट लावायचा.

तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. कागदावर दहा चौकोन काढायला लावलेत: तीन अक्षरं, मग 12, मग दोन अक्षरं, मग 345. शून्यापासून मोजलं की पहिली जुळणी 3 ते 5 (5 च्या आधीपर्यंत). पॉइंटर, म्हणजे पुढचा शोध जिथून सुरू होतो ती खूण, 5 नं पुढे. ‘आता दुसरी सांग.’ मी म्हणालो, 7 ते 10. प्रोग्रॅम छापत होता 2 ते 5. माझ्या बोटाखाली राहिलेले पाच चौकोन मी पुन्हा शून्यापासून मोजले, आणि लख्ख कळलं. रेगएक्झेक आपण दिलेल्या पॉइंटरपासून मोजतं, मूळ स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) सुरुवातीपासून नाही. दोन दिवस मी त्या 2 वर संशय घेत होतो!

मेमरीचंही तसंच. दर जुळणीला रिअ‍ॅलॉक करून मेमरी वाढवत बसण्यापेक्षा आधी एका फेरीत एकूण लांबी मोजायची, स्ट्रिंगचा शेवट दाखवणाऱ्या शून्यासाठी एक बाइट धरून एकदाच मॅलॉक करून मेमरी घ्यायची, आणि दुसऱ्या फेरीत भरायचं. दुसऱ्या शोधापासून रेग_नॉटबोल हा ‘इथे ओळीची सुरुवात नाही’ असं सांगणारा फ्लॅग द्यायचा, नाहीतर ओळीची सुरुवात दर वेळी नव्यानं जुळते, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलंत.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो तुम्ही उठता उठता विचारलेला प्रश्न: ‘जुळणी रिकामी आली तर?’ पॅटर्नमध्ये ‘शून्य किंवा जास्त आकडे’ असं असलं की जिथे आकडा नाही तिथे जुळणीची सुरुवात आणि शेवट एकच येतो, पॉइंटर जागचा हलत नाही आणि लूप फिरतच राहतो. आता तिथे एक अख्खं अक्षर जसंच्या तसं उतरवून पुढे सरकतो. अख्खं, कारण यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ‘क’ 3 बाइटचा असतो. स्ट्रिंग संपली की बाहेर.

रिकाम्या जुळणीची चाचणी मी सगळ्यात आधी लिहिली. काल रात्री ती पास झाली, आणि पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

आपला कृतज्ञ,
तुमचा ज्युनियर